ट्रिस्टचं ६५ पानांचं उत्तर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. साहेबांचा आदेश पटत नाही म्हणून फाइल गुपचूप रखडवत ठेवायची, हा तुझा बेत मला मुळीच आवडला नाही.

निकोलस ट्रिस्ट या अमेरिकन मुत्सद्द्याची गोष्ट सांगतो. कायद्याचे धडे त्यानं अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्याकडे घेतले आणि लग्न त्यांच्याच नातीशी केलं. क्युबातल्या हवानात तो अमेरिकेचा कॉन्सुल, म्हणजे वकील होता, तेव्हा गुलामांच्या व्यापाराला हातभार लावल्याचे आरोप त्याच्यावर झाले. तेव्हा त्याला संत समजू नकोस.

१८४७ साली अमेरिका आणि मेक्सिकोची लढाई चालू असताना राष्ट्राध्यक्ष पोक यांनी त्याला मेक्सिकोशी तह करायला धाडलं. गेल्या गेल्या अमेरिकेचाच सेनापती विनफिल्ड स्कॉट याच्याशी वाजलं. दोघं समोरासमोर बोलेनात, खरमरीत पत्रं तेवढी लिहीत. पुढे ट्रिस्ट आजारी पडला, स्कॉटनं पेरूचा मुरंबा पाठवला आणि अबोला सुटला. मला हा मुरंबा फार मोलाचा वाटतो. सेनापतीशी वैर धरून त्याला पुढचं काही जमलं नसतं.

नोव्हेंबरात माघारी येण्याचा हुकूम आला. तहाला राजी असलेलं मेक्सिकोचं सरकार डळमळीत होतं. आपण निघालो की लढाई लांबणार, हे ट्रिस्टला स्वच्छ दिसत होतं. हुकूम मिळालाच नाही, असं त्यानं भासवलं नाही. ६ डिसेंबरला ६५ पानांचं उत्तर लिहून आपण का थांबतोय ते सरकारला सविस्तर कळवलं.

२ फेब्रुवारी १८४८ रोजी ग्वाडालुपे हिदाल्गो इथं सह्या झाल्या. दीड कोटी डॉलरच्या बदल्यात मेक्सिकोनं कॅलिफोर्नियासकट अफाट मुलूख गमावला. सही करताना अमेरिकन म्हणून आपल्याला शरम वाटत होती, असं ट्रिस्टनं पुढे घरी सांगितलं. पोक भयंकर चिडले, पण तह त्यांच्याच मूळ सूचनांना धरून होता, त्यामुळे मंजुरीसाठी सिनेटकडे पाठवावाच लागला. ट्रिस्टची मात्र नोकरी गेली, पगारही अडवला. रेल्वे कंपनीत कारकुनी करून त्यानं संसार ओढला. थकलेले पैसे हाती आले ते १८७१ मध्ये.

या २३ वर्षांबद्दल आधी घरी बोल. त्यानंतरही आदेश पटत नसेल तर साहेबांना लेखी कळव, तुझ्या सहीनिशी. मसुदा घेऊन ये, रविवारी सकाळी मी घरीच आहे.