अमेरिकेतल्या नोकरीत डावलले गेल्यास अपील न्यायालय नेमके काय पाहते

तुम्ही एच-वन-बी व्हिसावर पुण्याहून न्यू जर्सीला येण्याच्या तयारीत आहात. नेमणूकपत्रातील लवादाचे, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी खासगी पंचाकडे सोपवण्याचे, कलम वाचून तुम्ही विचारले आहे की, इथे उच्चारावरून किंवा मूळ देशावरून भेदभाव झाला आणि खालच्या न्यायालयात हार झाली, तर वरच्या न्यायालयात दाद मिळते का. मी वकील नाही. परंतु एडिसनमध्ये राहत असताना एका माजी सहकाऱ्याचा असाच दावा पहिल्या तक्रारीपासून अपिलाच्या निकालापर्यंत जवळून पाहिला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे दिवाणी दाव्यातील पहिल्या अपिलात न्यायालय पुराव्याचा नव्याने विचार करू शकते, त्यामुळे ‘वरच्या कोर्टात बघून घेऊ’ हे वाक्य आपल्या तोंडी सहज येते. इथे ते डोक्यातून काढून टाकावे लागते. संघीय अपील न्यायालयापुढे साक्षीदार येत नाहीत, ज्युरी बसत नाही आणि नवा कागद जवळजवळ कधीच दाखल करता येत नाही. न्यू जर्सीतील संघीय दाव्याचे अपील फिलाडेल्फिया येथील थर्ड सर्किट न्यायालयाकडे जाते आणि तिथे तीन न्यायाधीश खालच्या न्यायालयात जे नोंदले गेले तेवढ्यावरच निर्णय देतात. पुष्कळ अपिले तर तोंडी युक्तिवादाशिवाय, केवळ लेखी निवेदनांवर निकाली निघतात.

खालचा निकाल कोणत्या टप्प्यावर झाला, यावर वरचे न्यायालय किती खोलात शिरेल हे ठरते. भेदभावाचे बरेच दावे ज्युरीपर्यंत पोहोचतच नाहीत. ‘वादाचा खरा मुद्दाच उरलेला नाही’ असे म्हणून न्यायाधीश मालकाच्या बाजूने समरी जजमेंट, म्हणजे खटला न चालवता निकाल, देतात. अशा निकालाविरुद्धच्या अपिलात न्यायालय सगळा विषय नव्याने पाहते, आणि तोही वस्तुस्थितीबाबत कर्मचाऱ्याला झुकते माप देऊन, म्हणून कर्मचाऱ्याला त्यातल्या त्यात बरी संधी इथेच असते. याउलट, साक्षीपुरावे ऐकून न्यायाधीशाने ‘मालकाचा हेतू भेदभावाचा नव्हता’ असा निष्कर्ष काढला असेल, तर तो उघडपणे चुकीचा असल्याखेरीज बदलला जात नाही. हे दुधारी शस्त्र आहे: अँडरसन विरुद्ध बेसेमर सिटी या १९८५ च्या खटल्यात एका महिलेच्या बाजूने लागलेला निकाल अपील न्यायालयाने फिरवला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने याच नियमाने तो पुन्हा कायम केला.

हेतूचा थेट पुरावा बहुधा नसतोच, आणि मग १९७३ च्या मॅकडॉनेल डग्लस निकालातील तीन पायऱ्यांचा आधार घेतला जातो: आधी कर्मचाऱ्याने प्राथमिक संशय उभा करायचा, मग मालकाने वैध कारण सांगायचे आणि शेवटी ते कारण बनावट आहे हे कर्मचाऱ्याने दाखवायचे. मी पाहिलेल्या दाव्यात सगळे या तिसऱ्या पायरीवर अडले. त्यासाठी थर्ड सर्किटमध्ये १९९४ च्या फ्युएन्तेस निकालाचा दाखला नेहमी दिला जातो. मालकाच्या कारणातील विसंगती आणि न पटण्याजोग्या गोष्टी नेमक्या दाखवता आल्या पाहिजेत, केवळ ‘निर्णय चुकीचा होता’ एवढे म्हणणे पुरत नाही, असे तो सांगतो.

सहकाऱ्याच्या सुनावणीला मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो. प्रत्येक बाजूला पंधरा मिनिटे होती आणि वकिलासमोरच्या मेजावर वेळ दाखवणारे हिरवा, पिवळा व लाल असे दिवे होते. व्यवस्थापक बैठकीत याच्या बोलण्याची नक्कल करत असे, असे त्याच्या वकीलबाई सांगू लागल्या, तोच एका न्यायाधीशांनी विचारले, “हे परिशिष्टाच्या कोणत्या पानावर आहे?” परिशिष्ट म्हणजे खालच्या न्यायालयातील नोंदींची अपिलासोबत जोडलेली प्रत. ते कोणत्याच पानावर नव्हते. जबानीत याविषयी विचारले असता, आपल्या नेहमीच्या भिडेपोटी, सहकारी “तसे काही विशेष नाही” असे म्हणून मोकळा झाला होता. तो मुद्दा तिथेच संपला. दावा वाचवला तो दोन कागदांनी: बढती नाकारताना त्याला पाठवलेल्या ई-मेलमध्ये अंदाजपत्रकाचे कारण दिले होते आणि भेदभावाची तक्रार जिथे करतात त्या सरकारी समान रोजगार संधी आयोगाला दिलेल्या उत्तरात त्याच कंपनीने असमाधानकारक कामाचे. सात महिन्यांनी निकाल आला, प्रकरण ज्युरीसाठी परत पाठवले गेले आणि त्यानंतर तडजोड झाली, जिचा आकडा त्याने मलाही सांगितलेला नाही.

उच्चाराविषयी तुम्ही स्पष्ट विचारले आहे. उच्चार हा मूळ देशाशी जोडलेला मानला जातो, पण कामासाठी बोलणे महत्त्वाचे आहे आणि उच्चारामुळे त्यात खरोखर अडथळा येतो, हे मालकाने दाखवले तर बाजू उलटते. होनोलुलूमधील वाहन परवाना विभागात कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केलेले फ्रॅगांते हे फिलिपिनो गृहस्थ लेखी परीक्षेत ७२१ जणांत पहिले आले होते, तरीही १९८९ मध्ये नाइन्थ सर्किट या तिकडच्या संघीय अपील न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचा निकाल कायम ठेवला. शिवाय, नागरिकत्व नसल्यामुळे डावलणे आणि मूळ देशामुळे डावलणे या कायद्याने वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरीतील भेदभावाला मनाई करणारे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण पहिल्या प्रकाराला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच एस्पिनोझा खटल्यात सांगितले.

मुदतींच्या बाबतीत इथे दयामाया नाही. न्यू जर्सीत समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करायला ३०० दिवस, आयोगाचे दाव्याच्या परवानगीचे पत्र मिळाल्यावर दावा लावायला ९० दिवस आणि खासगी मालकाविरुद्धच्या निकालानंतर अपिलाची सूचना द्यायला ३० दिवस असतात. राज्याच्या स्वतःच्या भेदभावविरोधी कायद्याखाली मात्र आयोगाकडे न जाता दोन वर्षांत थेट राज्य न्यायालयात जाता येते. बोल्स विरुद्ध रसेल या २००७ च्या प्रकरणात, जे नोकरीचे नव्हते, न्यायाधीशाने अपिलासाठी वाढवून द्यायच्या १४ दिवसांऐवजी चुकून १७ दिवस दिले. त्या माणसाने सोळाव्या दिवशी अपील केले आणि तेवढ्यावरून ते बाद झाले. तुमच्या बाबतीत व्हिसाचा हिशेबही आहे, कारण नोकरी गेल्यावर इथे राहण्याची जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते आणि दावा मात्र वर्षानुवर्षे चालतो.

आता तुमच्या पत्रातील कलम. लवाद मान्य केलात तर वरील बहुतेक मार्ग बंद होतो, कारण लवादाने कायदा चुकीचा लावला एवढ्या कारणावरून न्यायालय सहसा तो निर्णय रद्द करत नाही. काही करारांत सही केल्यापासून ठरावीक दिवसांत लेखी कळवून या कलमातून बाहेर पडण्याची सोय असते. तुमच्या करारात ती आहे का, हे विमानाचे तिकीट काढण्याआधी पाहा. सोय असेल तर नकाराचे पत्र पाठवून त्याची पोच कंपनीच्या नव्हे, तर स्वतःच्या ई-मेल खात्यात ठेवा.