दहा कोटींचा आकडा आणि कोर्टातली नोकरी

प्रश्न : मी सांगलीत राज्यशास्त्र घेऊन बीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वकिली करायची नाही, न्यायाधीश व्हायची चिकाटीही नाही. पण कोर्टाचा कारभार चालतो कसा, याचं कुतूहल आहे. त्यात करिअर होईल का? बाबा म्हणतात, "कोर्टातली नोकरी म्हणजे जन्मभर फायली उचलणं. तिथे राज्यशास्त्र काय कामाचं?"

उत्तर : बाबांचं निम्मं बरोबर आहे. फायली उचलाव्या लागतातच. पण विधिमंडळातल्या कुठल्या निर्णयामुळे त्या वाढल्या, हे राज्यशास्त्र शिकलेल्या तुला इतरांआधी कळू शकतं.

मुंबईचं उदाहरण घे. तिथल्या शहर दिवाणी न्यायालयात किती रकमेपर्यंतचा दावा लावायचा, हे राज्याचा कायदा ठरवतो. पूर्वी ही मर्यादा ५० हजार रुपये होती. २०१२च्या दुरुस्तीने ती १ कोटी झाली, २०२३च्या दुरुस्तीने १० कोटी. विधिमंडळात बदलला तो फक्त आकडा. पण जे दावे उच्च न्यायालयात लागले असते ते आता खालच्या कोर्टात येतात, आणि तिथे प्रत्येकाची नोंद, कागदांची तपासणी, तारीख, रोजनामा (त्या दिवशी कोर्टात काय झालं याची नोंद) आलाच. त्यासाठी न्यायाधीश हवेत, लघुलेखक हवेत, साधी कपाटं ठेवायला जागा हवी. यातलं काहीही त्या आकड्याबरोबर आपोआप येत नाही. जिल्हा पातळीवरच्या कोर्टांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं (संविधानाचा अनुच्छेद २३५ बघ), पण नवी पदं मंजूर होणार आणि पैसा येणार तो सरकारकडून. घर चालवणारा एक, पगार आणणारा दुसरा. कोर्ट प्रशासनातली बरीचशी डोकेदुखी या एका वाक्यात मावते.

बिहारची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथे २०१६ साली दारूबंदी आली. अटका वाढल्या तसे जामिनाचे अर्जही वाढले, इतके की २०२१मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी दूरदृष्टीशिवाय केलेल्या कायद्याचं उदाहरण म्हणून तिचंच नाव घेतलं. २०२२मध्ये सरकारने दुरुस्ती केली : पहिल्यांदा पिऊन सापडलेल्याला कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर दंड भरून सुटता येईल. दारूबंदी चांगली की वाईट, हा वाद बाजूला ठेव. एवढी माणसं पकडली तर ती उभी कुठल्या कोर्टात राहतील, हा हिशेब आधी कुणीतरी मांडायला हवा होता.

जनतेच्या मागणीचा परिणाम तर तू शेजारीच पाहिलास. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी कित्येक वर्षं लावून धरल्यावर ऑगस्ट २०२५मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं खंडपीठ, सुरू झालं. सांगलीच्या माणसाची मुंबईवारी वाचली. वर्तमानपत्रांत फोटो आले ते उद्‌घाटनाचे, पण कारभार तर कर्मचाऱ्यांनाच उभा करावा लागतो.

आता नोकरीचं. पदवीधराला सरळ दार म्हणजे जिल्हा न्यायालयातला कनिष्ठ लिपिक. इंग्रजी ४० आणि मराठी ३० शब्द प्रतिमिनिट टंकलेखनाची प्रमाणपत्रं लागतात, संगणक यायला हवा. पुढे वरिष्ठ लिपिक, अधीक्षक अशी चढण आहे. उच्च न्यायालयातल्या प्रबंधकांच्या (रजिस्ट्रारच्या) वरच्या खुर्च्यांवर मात्र बहुतेक वेळा न्यायाधीशच असतात, हे आताच सांगून ठेवतो. नंतर रुसवा नको.

दुसरं पद कोर्ट मॅनेजरचं, म्हणजे न्यायाधीशांना कोर्टाच्या प्रशासनात मदत करणाऱ्याचं. तेराव्या वित्त आयोगाच्या पैशातून ते निर्माण झालं, एमबीएवाले घेतले गेले, आणि अनेक जण वर्षानुवर्षं कंत्राटावरच राहिले. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना या पदासाठी नियम करायला सांगितलं आहे. माझ्या मते हे पद तुझ्या स्वभावाला जुळतं. पण केवळ त्यासाठी कर्ज काढून एमबीए करू नकोस. नियम आणि जाहिरात डोळ्यांनी बघ, मग ठरव. सध्या टायपिंगचा क्लास लाव.

आणि एक काम कर. नुकतीच दुरुस्ती झालेला राज्याचा एखादा कायदा वाच आणि जिल्हा न्यायालयात जाऊन एखाद्या जुन्या लिपिकाला विचार, "यामुळे तुमच्या टेबलावर काय वाढलं?" बाबांनाही सोबत ने. फक्त सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या खटल्यांची यादी) सुरू व्हायच्या गडबडीत जाऊ नका, दुपारच्या सुट्टीत जा. चहा तुमच्याकडून.