जामीन राहू का? प्रार्थना केली, उत्तर मिळालं नाही

प्रश्न घेऊन आलेले गृहस्थ माध्यमिक शाळेत शिक्षक, मंडळीत (चर्चमध्ये) नेमाने येणारे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मेहुण्याला मालवाहू टेम्पोसाठी ८ लाखांचं कर्ज हवं होतं आणि बँकेला जामीनदार. "दाजी, फक्त एक सही," एवढंच मागणं. यांच्या पोटात गोळा आला होता, पण घाबरणं म्हणजे अविश्वास, असंही मनात होतं. बायबलमधलं मत्तय ५:४२ आठवत होतं: मागणाऱ्याला दे. डोळे मिटून बायबल उघडून पाहिलं, तर एका दिवशी वचनाचा अर्थ 'हो' लागे, दुसऱ्या दिवशी 'नाही'. "देव मला शहाणपण का देत नाही?" हा त्यांचा खरा प्रश्न.

ही तक्रार फार जणांची असते. याकोब १:५ स्पष्ट सांगतं की शहाणपण कमी असेल त्याने देवाकडे मागावं, तो दोष न लावता देतो. अडचण अशी की ते खुणेच्याच रूपात येणार, हे आपण परस्पर ठरवून टाकतो. मग गिदोनाच्या लोकरीचा दाखला दिला जातो: त्याने रात्री लोकर बाहेर ठेवून तिच्यावरच्या दवावरून देवाकडे खूण मागितली होती. पण शास्ते ६ नीट वाचा: देवाने काय करायचं ते गिदोनाला आधीच सांगितलं होतं, लोकर नंतर आली. जामीनकीबद्दलही बायबलच्या नीतिसूत्रांत आधीच सांगून ठेवलं आहे. ६:१-५ आणि ११:१५ वाचाच. २२:२६-२७ तर रोखठोक विचारतं, फेडायला काही नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण का जावं?

म्हणून प्रार्थनेनंतरचं पहिलं काम कागद-पेन्सिल घेऊन बसण्याचं. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, हे लूक १४:२८ मध्ये प्रभूचंच बोलणं आहे. ८ लाख, ११ टक्के व्याज, ५ वर्षं: हप्ता सुमारे १७,४०० रुपये. यांच्या हातात पगार येतो ४६,०००, घराचा हप्ता १५,०००. मेहुण्याचे हप्ते अंगावर पडले तर चौघांच्या घराला उरतात १३,६००. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ प्रमाणे करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागावं असं बंधन नाही. शिवाय ही जामीनकी स्वतःच्या क्रेडिट अहवालात दिसते.

दुसरं काम, सल्ला. यांनी विचारलं होतं ते फक्त मंडळीतल्या दोन मित्रांना, आणि दोघेही "विश्वासाने सही कर" म्हणणारेच होते. शलमोनाचा मुलगा राजा रहबाम याने असंच केलं (१ राजे १२): वडीलजनांचं ऐकून घेतलं, पण ते सोडून मनासारखं बोलणाऱ्या सवंगड्यांचा सल्ला धरला. बायकोला तर विचारलंच नव्हतं, तिच्याच भावाचं प्रकरण म्हणून. विचारल्यावर कळलं की मेहुण्याचं आधीचं एक कर्ज थकलं आहे.

आता 'नाही' कसं म्हणायचं? याकोब ३:१७ देवाकडून येणाऱ्या ज्ञानाला सौम्य, दयेने भरलेलं म्हणतं. तेव्हा फोनवर टाळाटाळ नको. समोर बसून हिशेबाचा कागद दाखवायचा, उपदेश करायचा नाही, आणि परत आली नाही तरी घर चालेल एवढीच रक्कम द्यायची. मत्तय ५:४२ पाळायला आपल्याजवळचं द्यावं लागतं, बायकोमुलांच्या पुढच्या ५ वर्षांवर सही करावी लागत नाही. यांनी ३०,००० दिले, आणि जुना टेम्पो आधी भाड्याने चालवून पाहा असं सुचवलं. मेहुणा काही महिने बोलला नाही. शहाणा निर्णय घेतला की सगळे खूश होतात, असं वचन कुठेही नाही.

सही आधीच झाली असेल तर नीतिसूत्रे ६:३-५ प्रमाणे आजच हालचाल करा, झोपून राहू नका. कर्जदाराला नम्रपणे विनंती करा की दुसरा जामीनदार किंवा तारण द्यावं. बदल बँकेच्या संमतीनेच होतो. कॅश क्रेडिटसारख्या (मर्यादेत पुन्हा पुन्हा उचलता येणाऱ्या) कर्जाच्या चालू हमीत पुढच्या व्यवहारांपुरती हमी लेखी नोटिशीने मागे घेता येते. पण करारातल्या अटी आधी वकिलाला दाखवा. टेम्पोच्या कर्जासारख्या, पैसे हातात पडलेल्या आणि ठरल्या मुदतीत हप्त्यांनी फेडायच्या मुदत कर्जात ही वाट नाही. तिथे दर महिन्याला खात्याचा उतारा मागा, आणि पहिला हप्ता चुकला त्याच आठवड्यात कर्जदाराला घेऊन बँकेत जा.