पश्चिमेची काच आधी रद्द करा

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीचा आराखडा आलाय. पश्चिमेला दर्शनी काच, आत एसी. वीजबिल कसं परवडणार? त्यापेक्षा जुन्या वाड्यासारख्या जाड दगडी भिंती घालाव्यात का?
– एक सदस्या, औसा तालुका

उत्तर : ताई, ती काच आधी रद्द करा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारनंतरचं तिरपं ऊन छज्ज्याला जुमानत नाही. पश्चिमेला जिना, संडास, रेकॉर्डची खोली घ्या, खिडक्या उत्तर-दक्षिणेला.

वाड्यातला गारवा मलाही प्रिय आहे. पण मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी 1993 च्या भूकंपात किल्लारीत काय केलं, हे तुमच्या तालुक्याला मी सांगायला नको. त्या भिंती नकोतच. भिंतींतून सलग फिरणाऱ्या काँक्रीटच्या भूकंपरोधक पट्ट्यांसह विटांचं बांधकाम करा, मधे चौक ठेवा, गच्चीवर पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवा. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे घ्या. साधा 75 वॅट खातो, हा तिशीच्या आसपास.

आणि पाणी! लातूरला 2016 मध्ये रेल्वेनं पाणी आलं होतं. हजार चौरस फूट गच्चीवर 700 मिलिमीटर पाऊस म्हणजे 65 हजार लिटर. टाकी आत्ताच आराखड्यात दाखवायला लावा. आपल्या काळ्या मातीत पायालगत नंतर खोदणं धोक्याचं.