मागची बाजू आधी पाहा

कोल्हापूर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

छायाचित्रे आणि चित्रपट जपणाऱ्या संग्रहालयात तुझी नेमणूक झाल्याचे कळले. फार आनंद झाला. दालनातली मांडणी आणि पाहुण्यांना फिरवून माहिती देणे हे तू बघता बघता शिकशील. मी लिहिणार आहे ते नोंदवहीविषयी, कारण संग्रहालयाचे खरे काम तिथे चालते आणि नवी माणसे कंटाळतात तीही तिथेच.

जुने छायाचित्र हाती आले की आपण चेहरे पाहतो. तू ते कडांना धरून आधी उलटून पाहा. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, कुणी तिथी लिहिलेली असते, अल्बममधून उपटताना आलेला काळा कागद चिकटलेला असतो. मग पुढची बाजू पाहावी. एकाच रंगवलेल्या पडद्यापुढे एका चित्रात नवे जोडपे आणि दुसऱ्यात खांद्यावर गदा घेतलेला पैलवान उभा असेल, तर दोन्ही चित्रे एकाच स्टुडिओतली असण्याचा संभव आहे. पण संभव म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून माहिती शिक्क्यावरून मिळाली, देणगीदाराच्या तोंडून की पडद्याच्या साम्यावरून, हे प्रत्येक नोंदीत वेगळे लिहावे. आपल्या गावात तर प्रत्येक जुन्या फोटोत शाहू महाराज असतातच! देणगीदाराचा मान राखून ऐकून घ्यावे, आणि महाराज १९२२ मध्ये निवर्तले हे ध्यानात ठेवून कागद, पोशाख, मोटारगाडी यांचा काळ ताडून पाहावा.

प्राप्ती क्रमांक, म्हणजे संग्रहालयात आलेल्या वस्तूला नोंदवहीत मिळणारा क्रमांक, लिहायचा तो मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात, हात हलका ठेवून. उमेदवारीच्या काळात मी बॉलपेनने एका गठ्ठ्यावर क्रमांक टाकले. आकडे पुढच्या बाजूला उमटले आणि एका वृद्ध स्त्रीच्या गालावरचा सात मला अजूनही दिसतो.

फिल्मच्या बाबतीत डोळ्यांआधी नाक कामाला येते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर ॲसिटेटची फिल्म कुजू लागली आहे असे समज. त्यातून सुटणारे आम्लच पुढची कुज वाढवते आणि शेजारच्या रिळांनाही बाधते, तेव्हा तो डबा त्याच दिवशी वेगळा काढावा. ही कुज उलटवता येत नाही. थंड, कोरड्या खोलीत तिची गती तेवढी मंदावते. आपल्याकडच्या आषाढात हे किती अवघड जाते ते तुला सांगायला नको. मात्र थंड खोलीतून आणलेला डबा लगेच उघडू नये, नाहीतर दमट हवेतले पाणी फिल्मवर धरते. १९५० च्या आधीचे ३५ मिमी रीळ आले तर ते नायट्रेटचे असू शकते हे धरून चालावे. ती फिल्म जळताना स्वतःच प्राणवायू पुरवते, पाण्याखालीही विझत नाही. गंजलेला डबा एकटीने कधीही उघडू नकोस.

आता कागदांविषयी. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये आला. ‘प्रभात’ही १९२९ साली इथेच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. त्या काळातले आपल्या देशातले बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत, कारण रिळे जळाली, कुजली, कित्येक तर चांदी काढण्यासाठी विकली गेली. त्यांचा माग लागतो तो स्थिरचित्रांतून, जाहिरातींतून आणि चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या पुस्तिकांतून. म्हणून रिळांबरोबर रद्दीचे पोते आले, तर शिपायाने ते बाहेर ठेवण्याआधी तू स्वतः उपसून पाहा, आणि कोणता कागद कोणत्या डब्यासोबत आला हे त्याच वेळी लिहून ठेव. पुढे ते जुळवणे जवळजवळ अशक्य होते.

माझ्याकडे मंगळवार पेठेतल्या एका घरातून आलेला एक डबा आहे. त्याला वास येतो की मलाच भास होतो, हे अलीकडे ठरवता येत नाही. दिवाळीला आलीस की आधी तो हुंगून सांग.

तुझा,
मामा