व्हाइट हाउस किती जुनं म्हणायचं?

प्रश्न : मुलीच्या पुस्तकात आहे की अमेरिकेचे अध्यक्ष १८०० सालापासून एकाच घरात राहतात. पण मध्यंतरी टीव्हीवर व्हाइट हाउसचं पाडकाम दाखवत होते. मग जुनं काय उरलं? (एक वाचक)

उत्तर : ऑक्टोबर २०२५ मध्ये पाडला तो ईस्ट विंग, म्हणजे घराला जोडलेली पूर्वेकडची इमारत; तिथं बॉलरूम (मेजवान्यांचा मोठा हॉल) बांधायला. तो १९०२ चा आणि १९४२ मध्ये वाढवलेला; मूळ घराचा भाग नव्हे. पण मूळ घराचंही म्हणाल, तर जुन्या आहेत त्या मुख्यतः बाहेरच्या भिंती. आतलं घर जेमतेम पाऊणशे वर्षांचं.

मी आयुष्यभर इमारतींच्या दुरुस्तीचीच कामं केली. प्लंबरनं तुळईला भोक पाडायचं, पुढच्या वर्षी वायरमननं तिथंच खाच मारायची, हे मला नवीन नाही. इथं तेच शंभरेक वर्षं चाललं. १८३३ साली नळ आले, मग गॅसबत्त्या, १८९१ साली वीज. (तेव्हाचे अध्यक्ष हॅरिसन शॉक बसेल म्हणून बटणाला हात लावत नसत!) १९०२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी झाडांची काचघरं हटवून कचेरीसाठी वेस्ट विंग बांधला, ते ठीक. पण त्याच वेळी जेवणाचा दिवाणखाना मोठा करायला भार पेलणारी भिंत काढली. त्यावर १९२७ मध्ये अध्यक्ष कूलिज यांच्या काळात वर लोखंड-काँक्रीटचा नवा मजला चढला. हे ओझं शेवटी पेलत होत्या आतल्या विटांच्या भिंती, आणि त्यांचा पाया भुसभुशीत मातीत.

१९४८ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांच्या मुलीच्या पियानोचा पाय जमिनीतून आरपार गेला. निवडणुकीचं वर्ष होतं, त्यामुळे बोभाटा झाला नाही. मतदान उरकल्यावर कुटुंब समोरच्या ब्लेअर हाउस या सरकारी अतिथिगृहात राहायला गेलं.

सगळंच पाडून नव्यानं बांधा, असाही विचार झाला होता. माझ्याकडे काम असतं तर मीही बहुधा तेच सुचवलं असतं. हिशेब सोपा होतो. पण ठरलं ते बाहेरच्या भिंती ठेवायचं. त्यांच्याखाली टप्प्याटप्प्यानं वीस फुटांहून खोल खड्डे घेऊन, काँक्रीट भरून त्या घट्ट जमिनीवर टेकवल्या. मग आतलं घर रिकामं केलं आणि पोटात पोलादी सांगाडा उभा केला. बुलडोझर आत न्यायला भिंत फोडायला ट्रुमन तयार होईनात, तेव्हा तो सुटा करून आत नेला आणि तिथं जोडला. असा मालक ठेकेदाराला नकोसाच वाटतो, पण मला तो आवडला.

मला खटकतं ते दुसरंच. काढलेलं जुनं लाकूड, गिलावा, फळ्या यांतलं फारच थोडं परत बसलं. काही तुकडे आठवण म्हणून विकले, बरंचसं भरावात गेलं. खर्च सुमारे ५७ लाख डॉलर झाला, आणि पैसे संपत आल्यावर फर्निचर न्यूयॉर्कच्या एका डिपार्टमेंट स्टोअरमधून नफ्याविना, खरेदीच्याच किमतीत आणलं. जुन्या वस्तू शोधून परत आणायला १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या पत्नी जॅकलिन यांना हात घालावा लागला.

तेव्हा पुस्तक भिंतींपुरतं बरोबर आहे. तेही पूर्ण नाही. १८१४ मध्ये ब्रिटिशांनी घर पेटवल्यावर कमकुवत झालेला बराच भाग उतरवून पुन्हा बांधला होता. काही दगडांवर त्या आगीची काजळी मात्र अजून दिसते.