बेळगाव-खानापूर भागात प्रायोगिक नाटक, चित्रकला करणाऱ्यांना पैसा कुठून उभा करता येईल?

प्रायोजकामागे फिरू नका. त्याला बॅनरपुढे गर्दी लागते, आणि तुमच्या दीर्घांकाला येणार जेमतेम ४० टाळकी. त्यापेक्षा जेवणावळ घाला. डेट्रॉइटमध्ये २०१० साली सुरू झालेल्या ‘डेट्रॉइट सूप’ची रीत हीच: दारात ५ डॉलर द्यायचे, चौघांचे प्रस्ताव ऐकायचे, सूप पीत मत द्यायचं, गल्ला विजेत्याचा. खानापुरात कुणाची तरी गच्ची, माणशी १०० रुपये, घरून आणलेली पिठलं-भाकरी. ५० जण आले की ५,००० रुपये. तालमीच्या जागेचं भाडं, काळे पडदे सुटतात. गणपतीला बिनतक्रार वर्गणी देणारी माणसं इथेही देतील, पण पावती फाडा, हिशेब भिंतीवर लावा. परीक्षक मात्र नेमू नका, भांडणं होतात! मोठ्या कामासाठी कलाकारांना अनुदान देणारी बंगळुरूची संस्था आहे, इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स. अर्ज मराठीत चालतो.